पहिली दोन रिळं

अंधारात कसं चालावं हे ज्याला शिकायचं असेल त्याने बॅटरीबाईंकडे जावं. आता त्यांनी सत्तरी ओलांडलीय, गुडघे बोलायला लागलेत. पण वीज गेली की घरातली सगळी माणसं जागच्या जागी थिजून "मेणबत्ती कुठंय, काडेपेटी कुठंय" करत बसतात, आणि बाई मात्र सरळ उठून आतल्या खोलीत जातात, पाणी पितात आणि काही झालंच नाही अशा परत येऊन बसतात. कोणी कौतुक केलंच तर म्हणतात, "अहो, सव्वीस वर्षं अंधाराचाच पगार खाल्लाय मी."

खरंच खाल्लाय. बाई थिएटरात बायकांच्या दारावर होत्या.

ते थिएटर आता नाही. तिथे गाड्या ठेवायची तीन मजली इमारत झालीय, आणि जिथे पडदा होता तिथे गाड्यांसाठी चढ आहे. पण ज्यांनी ते पाहिलंय त्यांना त्याचा वास अजून आठवतो: जुन्या रेक्झिनचा, धुळीच्या जाड पडद्यांचा आणि इंटरव्हलनंतर संत्र्याच्या सालींचा. एकच पडदा, खाली सहाशे खुर्च्या, वर बाल्कनी. डाव्या हाताला बायकांची बाजू, तिला वेगळं दार, आणि त्या दारात अंगात निळा कोट घातलेल्या बाई, हातात तीन सेलची बॅटरी. खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्या गावाला त्या बॅटरीबाई.

काम दिसायला सोपं. तिकीट फाडायचं, अर्धा तुकडा आलेल्या बाईच्या हातात द्यायचा, अर्धा तारेत ओवायचा आणि जागा दाखवायची. पण या कामाचेही नियम असतात. बॅटरीचा झोत पायावर ठेवायचा, तोंडावर कधी मारायचा नाही. अंधारात कोण हसतंय, कोण डोळे पुसतंय हे बघायचा दारावरच्या माणसाला अधिकार नाही. दुसरं म्हणजे, उजेड लागतो मागून येणाऱ्याला, त्यामुळे पुढे चालणाऱ्याने उलटं चालायचं. म्हणजे पिक्चर सुरू झाला की बाईंची पाठ पडद्याकडे आणि नजर लोकांच्या चपलांकडे. कानावर सगळा गोंधळ: "अहो बाई, हिला मांडीवर घेते, हिचं तिकीट कशाला?" "सरका हो थोडं." "आमची जागा पंख्याखाली होती की नाही?" उशिरा येणाऱ्यांची रांग संपेपर्यंत पहिलं रीळ संपायचं. मग तारेतले तुकडे ऑफिसात पोचते करायचे, मॅनेजरांची सही घ्यायची, दार लोटायचं. तोवर दुसरं रीळही गेलेलं.

त्यामुळे पिक्चर कुठलाही असो, बाईंचा पिक्चर तिसऱ्या रिळापासून सुरू व्हायचा. आधी काय झालं असेल ते त्या अंदाजाने ठरवायच्या आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. नवरा कोण, दीर कोण, खलनायक कोण, हे न कळायला काय झालं?

"झाड बघितलं की बी कळतं," त्या म्हणायच्या.

तिकिटाच्या खिडकीत बसणारी त्यांची मैत्रीण मोठी तिखट जिभेची. ती जाळीतून म्हणायची, "हो गं. आणि कलमी निघालं तर?"

*

बाई या थिएटरात आल्या त्या ऑपरेटरची बायको म्हणून. ऑपरेटर म्हणजे वरच्या केबिनमध्ये मशीन चालवणारा माणूस. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, पण तुटलेलं रीळ असं जोडायचा की पडद्यावर पापणी लवल्याइतकाही धक्का जाणवायचा नाही. त्याची पहिली बायको आजारपणात गेली होती, आणि मागे एक मुलगी होती. तिला तो टिटवी म्हणायचा, कारण तान्ही असताना तिने एकदा सूर लावला की खालच्या खुर्च्यांवरची माणसं वर बघायची. बाईंनी चोवीस वर्षांच्या असताना त्या घरात पाऊल टाकलं, आणि अकरा महिन्यांनी ताप डोक्यात जाऊन चार दिवसांत ऑपरेटर गेला. देवाने हिशोब इतका झटपट का मिटवला ते देवालाच ठाऊक. बाईंनी त्याला कधी विचारलं नाही. सकाळी उठून हात मात्र रोज जोडत राहिल्या.

मागे राहिलं काय? थिएटरच्या मागची एक खोली, तिला जाणारा लोखंडी जिना, आणि सात वर्षांची टिटवी. मॅनेजर भला माणूस. त्याने बाईंच्या हातात निळा कोट दिला आणि खोली राहू दिली.

टिटवी त्यांना बाईच म्हणायची, सगळे म्हणत म्हणून. 'आई म्हणू का?' असं तिने विचारलं नाही आणि 'म्हण' असं यांनी सांगितलं नाही. नव्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक जसं कोणीच काढत नाही, तसा तो प्रश्न दोघींच्या मध्ये गुंडाळलेलाच राहिला. पोर शहाणी. वाढलं ते खायची, सांगितलं ते करायची. शाळेतून आली की केबिनमध्ये नव्या ऑपरेटरजवळ स्टुलावर बसायची, आणि चौकोनी भोकातून तीन ते सहाचा खेळ बघत अभ्यास करायची. बापाची जागा होती ती. तिथून तिला कोणी उठवत नसे.

*

आणि मग तो पिक्चर आला. पोस्टरवर त्याचं नाव भलंमोठं होतं, पण बायका त्याला 'दिव्याचा पिक्चर' म्हणायच्या. बाहेरच्या देशातला, आपल्या भाषेत आवाज भरलेला, दोन इंटरव्हल धरून सव्वातीन तासांचा. सूर्य विझत चाललाय आणि माणसं बाराशे जहाजांत बसून दुसऱ्या सूर्याकडे निघालीत, अशी गोष्ट. वाटेत खडकांचं एक वादळ आहे, आकाशभर दगड भिरभिरतायत, आणि त्याच्या काठावर एका काळ्याकुट्ट ग्रहावर मनोरा आहे. मनोऱ्यावर दिवा आहे. त्या दिव्याच्या रोखाने जहाज हाकलं तरच पलीकडे जाता येतं.

तरुण पोरं यायची ती कप्तानासाठी. त्याची एक प्रेयसी दुसऱ्या जहाजावर, दोन जहाजांमध्ये लढाई, मैत्री, दगाफटका, शपथा. सगळं भरपूर होतं. जहाजं स्फोटात फुटायची तेव्हा खुर्च्या हादरायच्या. पण बायकांच्या बाजूला जीव अडकलेला असायचा मनोऱ्यात. तिथे एक बाई होती, बारीक कापलेल्या केसांची, मळकट करड्या कपड्यांतली. सगळी जहाजं पुढे गेली, मनोऱ्यावर उरलेल्यांना न्यायला शेवटची होडी आली, तरी ती थांबली. कारण एक जहाज अजून यायचं होतं. त्या जहाजावरची मोठी माणसं गार पेट्यांमध्ये झोपलेली, आणि जागी होती एकटी एक लहान मुलगी. ती वायरलेसवर बोलायची, "टॉवर, ऐकतेस का?" आणि ही म्हणायची, "ऐकतेय, बाळ. बोल."

चोवीस दिवस त्या दोघी नुसत्या बोलतात. कोणतं बटण दाबायचं, भीती वाटली तर काय करायचं, झोप आली नाही तर काय मोजायचं. शेवटी ते जहाज दगडांमधून एवढंसं ठिपक्यासारखं पार होतं आणि मुलगी विचारते, "तू येतेस ना?" आणि ही म्हणते, "तू पुढे हो. मी दिवा बंद करून आलेच."

बस. तिथे पिक्चर संपायचा. बाई दाराच्या पडद्याची दोरी हातात धरून उभ्या असायच्या आणि रोज चार खेळांना चार वेळा त्यांचा हात दोरीवरच राहायचा. पुरुषांच्या बाजूचा दरवान ओरडायचा, "अहो, दार उघडा, लोकांना घरं आहेत!"

"आई होती, म्हणून थांबली," बाई खिडकीवालीला म्हणाल्या. "दुसरी कोणी थांबली असती? होडी दारात उभी होती तिच्या."

"मला काय माहीत," खिडकीवाली म्हणाली. "मी तर पिक्चरचा फक्त आवाज ऐकते. माझ्यासाठी सगळेच पिक्चर भिंतीपलीकडच्या भांडणासारखे."

"मी सांगते ना. पोटची पोर होती ती. बघ तू तिचं तोंड, ती 'बाळ' म्हणते तेव्हा."

घरी टिटवीलाही त्या एकदा म्हणाल्या होत्या, "पाहिलंस ना, आईचा जीव कसा असतो?" टिटवी पेन्सिलीला टोक काढत राहिली.

*

दिव्याचा पिक्चर सतराव्या आठवड्यात असताना टिटवीचे मामा-मामी आले. म्हणजे तिच्या जन्मदात्या आईचे भाऊ-भावजय. मामा घड्याळं दुरुस्त करायचे. भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती गोल वळ उमटलेला, माणूस हळू बोलणारा. मामी मात्र चटपटीत. खुर्चीवर बसण्याआधी तिने खोलीचे चारी कोपरे पाहून घेतले.

"आम्हाला तिघंही मुलगेच," मामी म्हणाली. "घर मोठं आहे. मागे अंगण आहे. शाळा दोन पावलांवर. हिची आजी अजून हिची आठवण काढून रडते."

मामा म्हणाले, "आमच्या बहिणीची एवढीच खूण राहिलीय. तुम्ही केलंत ते फार केलंत, बाई. पण तुमचं वय ते काय? उद्या तुमचं पुन्हा काही ठरेल. तुम्हाला का म्हणून अडकवून ठेवायचं आम्ही?"

"आणि म्हणतात ना," मामीने जोडलं, "माय मरो पण मावशी जगो. मावशी नाही, तर मामी आहे. आपलं माणूस ते आपलं माणूस."

वाईट बोलले असते तर बाईंना भांडता आलं असतं. पण ते चांगलंच बोलत होते. टिटवी दारापाशी उभी होती. तिला मामाने सांगितलं, की त्यांच्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत आणि त्यातलं एक तिचं. ते ऐकून ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. बाईंनी ते हसू पाहिलं.

त्यांनी दोन आठवडे मागून घेतले. शाळेची सहामाही संपू दे, मग न्या, म्हणाल्या.

ते दोन आठवडे बाई रोज चार वेळा त्या मनोऱ्यातल्या बाईकडे बघत राहिल्या. तिच्याकडे बघून त्यांना जे कळायचं ते असं: थांबण्याचा हक्क तिला होता, कारण मूल तिचं होतं. माझं कोण आहे इथे? रक्ताचं नाही, दुधाचं नाही, अकरा महिन्यांच्या संसाराचं एक टोक धरून मी बसलेय. पोरीला अंगण मिळतंय, भाऊ मिळतायत, आजी मिळतेय. मी आडवी येणारी कोण?

खिडकीवालीने विचारलं, "तुला पाठवायचीय का तिला?"

"मला काय वाटतं त्याचा काय संबंध?"

"मग कोणाला काय वाटतं त्याचा संबंध?"

"ते सख्खे आहेत."

"सख्खे दोन वर्षं कुठल्या खेळाला बसले होते?"

"असं बोलू नये. तीन पोरांचा संसार आहे त्यांचा," बाई म्हणाल्या, आणि त्याच दुपारी टिटवीचे फ्रॉक धुऊन इस्त्रीला टाकले.

*

न्यायचा दिवस रविवारचा ठरला. गाडी संध्याकाळी साडेसातची. सकाळी ट्रंक भरून झाली. फ्रॉक, पाटी, बापाचा एक फोटो, आणि केबिनमधून आणलेला फिल्मचा वीतभर तुकडा. तो टिटवीने स्वतः कागदात गुंडाळला. मग बाईंनी विचारलं, "काही हवंय का तुला? जायच्या आधी?"

टिटवीने बराच विचार केला. "बाई, आपण आज खाली खुर्चीवर बसून पिक्चर बघू? तुम्ही पण. सगळा."

मॅनेजर म्हणाले, "रविवारचा तीनचा खेळ! तुमच्या दारावर उभं कोण राहणार?"

"मी राहते," खिडकीवाली आतून म्हणाली. "हाउसफुल्लची पाटी लावली की माझं काम संपलं. एवढी वर्षं नुसतं ऐकलंय, जरा बघते तरी लोक शिरतात कुठे."

"तुम्हाला उलटं चालता येतं का?"

"साहेब, माझा सगळा संसार उलटा चाललाय, तुम्ही चिंता करू नका."

बाई खुर्चीवर बसल्या. मधल्या रांगेत, टिटवीच्या शेजारी, कोट काढून मांडीवर घेतलेला. खुर्ची किती मऊ असते हे त्यांना तेव्हा कळलं. आजवर त्यांनी ती फक्त पुसली होती. दिवे मंदावले, मागे खिडकीवालीचा आवाज आला, "अहो, पाय उचला, पाय!" आणि पडदा उजळला.

बाईंनी तो पिक्चर साडेचारशे वेळा तरी पाहिला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी त्याचं पहिलं दृश्य पाहिलं.

मनोरा. सकाळची वेळ, पण सूर्य विझत आलेला म्हणून उजेड राखेसारखा. गोल जिन्यावरून एक बाई बादली घेऊन वर चढतेय. बारीक केस, मळकट करडे कपडे. वर दिव्याभोवती माणसाच्या दुप्पट उंचीच्या काचा आहेत, आणि ती फडक्याने त्या पुसायला लागते. रोजचंच काम असावं अशी पुसते, कोपरे न चुकवता. पुसता पुसता तिला जाणवतं, की खाली आवाज नाही. ती उतरते. यंत्रांची खोली रिकामी. खुर्च्या मागे सरकवलेल्या, एका कपातलं पेय अजून वाफाळतंय. दिव्याचा रखवालदार आणि त्याची माणसं पहिल्याच होडीतून निघून गेलीत. हिला सांगायचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आणि त्या रिकाम्या खोलीत वायरलेस खरखरतो. "टॉवर? टॉवर, कोणी आहे का?" लहान मुलीचा आवाज.

ती कितीतरी वेळ बघत राहते. मग बादली खाली ठेवते, हात कपड्याला पुसते आणि कुठलं बटण दाबायचं ते शोधून शोधून दाबते.

"तू कोण?" मुलगी विचारते.

"मी काचा पुसते," ती म्हणते.

"मग दिवा कोण सांभाळणार?"

ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघते. घाबरलेली आहे, ते स्पष्ट दिसतं. मग खुर्ची पुढे ओढते आणि बसते.

पुढचं सगळं बाईंना पाठ होतं, तरी त्यांना त्यातलं काही दिसलं नाही. पडद्यावर कप्तान आला, त्याची प्रेयसी आली, शपथा झाल्या. पहिला इंटरव्हल झाला तेव्हा दिवे लागले आणि संत्र्यांचा वास सुटला.

"टिटवे," बाई तिच्याकडे वळल्या. "ती तिची आई नाही?"

"कोण?"

"मनोऱ्यातली. त्या मुलीची."

"नाही." टिटवी संत्रं सोलत होती. "तिची आई पेटीत झोपलीय ना, जहाजात. नव्या सूर्याशी पोचल्यावर उठणारे ती. टॉवरवाली तर कोणीच नाहीये तिची. ती काचा पुसणारी आहे."

"मग मला कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही रोज बघता ना पिक्चर," टिटवी म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहितीये." आणि संत्र्याच्या दोन फोडी तिने बाईंच्या हातावर ठेवल्या.

बाईंनी त्या खाल्ल्या की नाही ते त्यांना आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्यांनी तिथे बसल्या बसल्या डोळे मिटून हात जोडले, आणि पलीकडची बाई जरा सरकून बसली. तिला वाटलं असेल, हिला पिक्चर फारच झोंबला.

*

खेळ सुटला तेव्हा सव्वासहा झाले होते. मामा-मामी बाहेर कमानीखाली उभे होते. ट्रंक मामीच्या पायाशी. बाई टिटवीचा हात धरून आल्या. खिडकीवाली मागे दारातच थांबली, बॅटरी विझवायची राहून गेलेली, दिवसाउजेडी पेटलेली.

"चला, बरं झालं वेळेत सुटला," मामी म्हणाली. "गाडीत जागा धरायला हवी."

"मी तिला पाठवत नाही," बाई म्हणाल्या.

मामीला आधी समजलंच नाही. "म्हणजे? आज नाही?"

"आज नाही आणि नंतरही नाही. ती इथे माझ्याजवळ राहील."

"अहो, पण ठरलं होतं! तुम्हीच म्हणालात ना सहामाही झाली की न्या? दोन दिवस दुकान बंद ठेवून आलोय आम्ही. हा काय पोरखेळ आहे?"

"चूक माझी आहे. पाया पडून माफी मागते. पण पाठवत नाही."

"मग तिलाच विचारा ना," मामी म्हणाली. "विचारा, तिला कुठे राहायचंय."

"तिला विचारायचं नाही," बाई म्हणाल्या. आपला आवाज एवढा ठाम कुठून आला, याचं त्यांनाच नवल वाटलं. "आठ वर्षांची आहे ती. आज तिच्या तोंडून एक वदवून घ्यायचं, आणि मग जन्मभर तिने मनात धरायचं, की मी त्यांना सोडलं, नाहीतर मी यांना सोडलं. ते ओझं तिच्यावर नको. ते मी घेते. तिला राग आला तर माझा येऊ दे."

मामा इतका वेळ ऐकत होते. घड्याळवाला माणूस, कोणी बोलायला लागलं की काय अडलंय ते आधी कान देऊन ऐकायचं, ही त्यांची सवय.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला कोणी काही बोललं का? आमच्याबद्दल?"

"नाही हो. तुम्ही चांगली माणसं आहात, म्हणूनच मी दोन आठवडे गप्प बसले. मला वाटत होतं, मी तिची कोणी नाही, तर तिला धरून ठेवायचा मला काय हक्क?" बाईंनी टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला. "अजूनही मी तिची कोणी नाही. पण तिचे वडील गेले तेव्हा जवळ मी होते. जी जवळ होती तिने सांभाळायचं. हक्काचं नंतर बघू."

मामांनी चष्मा काढून पुसला. मामी म्हणाली, "लोक काय म्हणतील? भाचीला परक्या बाईकडे ठेवली म्हणतील."

"म्हणू देत," मामा म्हणाले. "ती परकी असती, तर आत्ता इथे आपल्याशी भांडली नसती. ट्रंक उतरवायला आपल्याला मदत केली असती." मग बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "उन्हाळ्याची सुट्टी पाठवाल? तिच्या आजीसाठी?"

"पाठवीन. मी आणून सोडीन आणि मीच न्यायला येईन."

तो शब्द बाईंनी पुढे सगळी वर्षं पाळला. दर उन्हाळ्यात त्या टिटवीला सोडायला जायच्या, एक रात्र मामीकडे राहायच्या आणि मामीच्या हातचं लोणचं घेऊन परत यायच्या. मामी पहिली दोन वर्षं त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तिसऱ्या वर्षी तिने भांडणच काढलं, एक रात्र कसली राहता, चार दिवस तरी राहा म्हणून. पण हे नंतरचं.

त्या संध्याकाळी मामा-मामी गेले. ट्रंक बाईंनी आणि खिडकीवालीने दोन्हीकडून धरून लोखंडी जिन्यावरून वर नेली. टिटवी मागून येत होती. खोलीत आल्यावर बाईंनी ट्रंकेचं झाकण उघडलं, आणि तेव्हा त्या पोरीच्या लक्षात आलं, की पिल्लू गेलं.

तिने ट्रंकेला लाथ मारली. इस्त्रीचे फ्रॉक एकेक करून ओढले आणि भिंतीवर भिरकावले. पावणेदोन वर्षांत या पोरीने त्या खोलीत एकदाही पाय आपटला नव्हता, एक घास मागे सारला नव्हता, परक्याच्या घरी पाहुणी राहावी तशी राहिली होती. आता तिने असा सूर लावला की बापाने ते नाव काही उगीच ठेवलं नव्हतं हे पटावं.

"तू वाईट आहेस! माझं पिल्लू होतं ते! त्याचं नाव पण ठेवलं होतं मी! तुला कोणी बोलावलं होतं आमच्याकडे? जा तू! जा!"

बाई जमिनीवर बसल्या होत्या. एकेक फ्रॉक उचलत होत्या, झटकत होत्या, घडी घालत होत्या. जा म्हटलं तरी उठल्या नाहीत.

"ओरड," त्या म्हणाल्या. "ओरडून झालं की जेवायला ये."

"मी नाही जेवणार! कधीच नाही जेवणार!"

जिन्यावर पावलं वाजली. खालच्या खोलीतली शेजारीण धावत वर आली होती, हात अजून ओले. "अगंबाई, काय झालं? कोणाचं काही झालं का?"

टिटवी आणखी एक पट्टी वर चढली. बाईंनी मांडीवरचा फ्रॉक नीट केला, शेजारणीकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचं आहे."